नैराश्याची गोळी सुरू झाली. आता ती सांभाळून कशी घ्यावी?

तापाची गोळी अंग तापलं की घ्यायची, ताप उतरला की बंद. नैराश्यावरच्या गोळीचा हिशेब असा नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. ही गोळी रोज पोटात गेली तर दोन ते चार आठवड्यांनी काम दाखवू लागते, पुरता गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागते. बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी: सुरुवातीच्या दिवसांत, दुसऱ्या औषधांबरोबर मिसळ झाल्यावर आणि मनानेच बंद केल्यावर. म्हणून या लेखात जास्त जागा त्या तिघांना दिली आहे.

१. चिठ्ठी कुठून घ्यावी आणि डॉक्टरांना काय सांगावं

गोळी मानसोपचारतज्ज्ञानं सुरू केलेली उत्तम. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात त्यांची ओपीडी असते. अमरावतीकडच्या माणसाला इर्विन रुग्णालय ठाऊकच आहे, वर्ध्याकडच्याला सेवाग्रामचा दवाखाना. नेमकं कुठं आणि कोणत्या वारी जायचं हे कळत नसेल तर गावच्या आशाताईला विचारा. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पामुळे हे काम त्यांच्या ओळखीचं आहे. नाहीतर १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांपुढं लाज बाजूला ठेवावी लागते. बीपी, शुगर, फिट्स, हृदयाचा आजार, टीबीचा कोर्स, सिकलसेल, पाळी चुकलेली असणं, अंगावर पाजतं बाळ, हे सगळं सांगा. मोहाची घेत असाल तर किती आणि कधी, तेही सांगा. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे आहेत म्हणून तिथले पेशंट ‘नाही घेत’ म्हणून मोकळे होतात. डॉक्टर काही पोलीस पाटील नव्हेत, त्यांना फक्त डोस ठरवायचा असतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा, कारण ती विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. कधी असे दिवस आले होते का, की झोप दोन-तीन तास, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, मोठमोठे बेत, हातात आलेला पैसा उधळलेला? घरात दुसऱ्या कोणाला असं झालं होतं का? तसा इतिहास असेल तर आजार वेगळा असू शकतो, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीनं तो उलट उसळतो.

२. पाकीट वाचा

कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. खाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं: एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन. त्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा तितकाच महत्त्वाचा. पुढच्या वेळी मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं तरी नाव आणि आकडा तोच असला पाहिजे. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बऱ्याच स्वस्तात मिळतात, आणि वर्षभर चालणाऱ्या औषधात तो फरक खिशाला जाणवतो. (अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये अर्धशिशीला आणि नसांच्या दुखण्यालाही देतात. शेजारणीच्या पाकिटावर तेच नाव दिसलं म्हणून तिला नैराश्य आहे असं समजू नका.)

आता ते बारीक अक्षर पुन्हा पाहा. ‘एसिटालोप्राम १० मि.ग्रॅ.’ याच्याखाली ‘क्लोनाझेपाम ०.५ मि.ग्रॅ.’ अशी दुसरी ओळ आहे का? असली तर एका गोळीत दोन औषधं आहेत. पहिलं नैराश्याचं, त्याची चटक लागत नाही. दुसरं झोप आणणारं, घबराट लगेच कमी करणारं. ते महिनोन्महिने घेतलं तर सवय लागते. जोडगोळी सुरुवातीचे काही आठवडे ठीक, पण ती वर्षभर तशीच चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, ‘यातलं क्लोनाझेपाम कधी कमी करायचं?’ माझ्या मते आपल्याकडच्या पेशंटनं विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे. उत्तर येईपर्यंत मात्र एकदम बंद करू नका. सवय लागल्यावर ते झटक्यात थांबवलं तर फिट येऊ शकते.

त्याच दुसऱ्या ओळीमुळे आणखी एक काम वाढतं. रब्बीत पंपाची लाईट रात्रीची असते आणि ओलित करायला बाराच्या पुढं वावरात जावं लागतं. गोळीची गुंगी, अंधार, ओला स्टार्टर आणि पायाखाली काय असेल सांगता येत नाही. ओलिताची पाळी रात्रीची असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ते वेळ बदलून देतील, किंवा त्या दिवसांत ओलिताला घरातलं दुसरं कोणी जाईल असं ठरवा. मोटारसायकललाही हेच लागू.

३. पहिले पंधरा दिवस

‘पाच रोज झाले, मले काई फरक नाई पडला.’ पडणारच नाही. उलट या दिवसांत त्रास आधी येतो आणि गुण मागून. मळमळ, डोकं जड होणं, तोंड कोरडं पडणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, कोणाला झोप उडणं, कोणाला झोप अनावर होणं, हे आठ-पंधरा दिवसांत बहुधा ओसरतं. मळमळ होत असेल तर गोळी भाकरी-भाजीवर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी, झोप येत असेल तर रात्री. पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. तोंड कोरडं पडलं म्हणून खर्रा (तंबाखू-सुपारी) वाढवू नका. घोटघोट पाणी प्या, बडीशेप चघळा.

लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वेळ लागणं हा त्रास मात्र सहसा आपोआप जात नाही. यावर कोणी बोलत नाही आणि मग गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टर हे रोज ऐकतात. डोस किंवा औषध बदलता येतं.

घरच्यांनी आता नीट लक्ष द्यायचं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत पहिल्या काही आठवड्यांत, आणि डोस वाढवल्यावर, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. मोठ्या वयातही कधी अस्वस्थता इतकी वाढते की माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझारा घालतो, चिडतो. असं दिसलं तर ‘गोळीनं बिघडलं’ म्हणून ती फेकून देऊ नका आणि ‘होईल बरं’ म्हणून थांबूही नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जमत नसेल तर १४४१६, आणि जिवाला धोका वाटत असेल तर १०८. माणसाला एकटं सोडू नका. ‘तुले जीव द्यावासा वाटते का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट आत कोंडलेला असला तर त्याला वाट मिळते.

यासाठी घरात एक व्यवस्था पहिल्याच दिवशी करून टाकावी. महिनाभराच्या गोळ्या एका माणसाकडे, आठवड्याच्या वेगळ्या काढून पेशंटकडे. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त गेल्या तर हृदयाला धोका असतो, म्हणून तिथं हे जास्तच पाळा. लहान मुलांच्या हाती त्या लागू देऊ नका. फवारणीची औषधं तर घरात नकोतच. ती कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. किंवा काही महिने भावाच्या गोठ्यात.

४. काय मिसळायचं नाही

गावात दुखलं-खुपलं की मेडिकलवरून ‘दुखण्याची गोळी’ येते आणि कोणी नाव विचारत नाही. नैराश्याची गोळी चालू असताना ते नाव विचारायचं. ट्रामाडॉल असेल तर नको. ते या गोळ्यांबरोबर मिसळलं तर शरीरात सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) फार वाढू शकतं आणि फिटचाही धोका वाढतो. सिकलसेलच्या दुखण्यात दवाखान्यात ट्रामाडॉल देतात, त्यामुळे तिथं गेलात की आधी आपलं पाकीट दाखवा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन रोज घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शौच डांबरासारखी काळी झाली तर थेट दवाखाना. ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल बरं.

खोकल्याच्या काही औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते टाळा. टीबी औषधांना दाद देत नसेल तर लिनेझोलिड देतात. तेही या गोळ्यांबरोबर धोक्याचं आहे, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. वैदूची पुडी, मांत्रिकाचा काढा यांत काय असतं ते कोणालाच सांगता येत नाही. देवाला जा, अंगारा लावा, त्याला कोणाची हरकत नाही. पोटात मात्र काही घेऊ नका. दारू आणि ही गोळी दोन्ही मेंदूवर काम करतात. त्यात क्लोनाझेपाम असेल तर श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. सुटत नसेल तर तेही सांगा, तिच्यावरही उपचार आहेत.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक गोंधळ होतो. अंग थरथरणं, घाम, मळमळ, बेचैनी हे सेरोटोनिन वाढल्यानंही होतं आणि कीटकनाशक अंगात गेल्यानंही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. तोंडातून लाळ, डोळ्या-नाकातून पाणी आणि बारीक झालेल्या बाहुल्या फवारणीच्या औषधाकडे बोट दाखवतात. ताप आणि आखडलेले स्नायू गोळीकडे. पण हे ओळखण्याचं काम घरी करत बसू नका. दोन्ही वेळा दवाखाना तातडीनंच गाठायचा. सोबत गोळीचं पाकीट आणि फवारणीच्या डब्याचं लेबल, दोन्ही घ्या. शक्य असेल तर गोळी सुरू झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस फवारणी दुसऱ्यावर सोपवा.

५. रोजचं

वेळ एकच ठेवा आणि कॅलेंडरवर खूण करा. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. दोन एकदम नाही. श्रावणाच्या आणि नवरात्राच्या उपवासातही गोळी पाण्याबरोबर चालते. उन्हाळ्यात टिनाखाली गोळ्या तापतात, म्हणून पाकीट खिडकीत किंवा चुलीजवळच्या फळीवर न ठेवता कोरड्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर, या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. मे महिन्यात आजी अचानक बरळू लागली किंवा तोल जाऊन पडली तर ‘ऊन लागलं’ एवढ्यावर थांबू नका, सोडियमची तपासणी करून घ्या.

पावसाळ्याआधी साठ्याचं बघा. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि नाल्यापलीकडची लहान गावं तर जिल्हाभर आहेत. जूनमध्येच डॉक्टरांना सांगून जास्त दिवसांची चिठ्ठी घ्या.

६. बंद करताना

‘आता बरं वाटते, कायले खाऊ रोज रोज?’ कापूस वेचणीच्या दिवसांत हे वाक्य हमखास ऐकू येतं, कारण मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? पण गोळी एकदम थांबवली की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, भलती स्वप्नं, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू होतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला हे जास्त, फ्लुओक्सेटिनला कमी. लोक म्हणतात, ‘बघा, चटक लागली.’ ती चटक नव्हे. शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळाला नाही एवढंच. जुना आजार उलटतो तेव्हा तो सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू उलटतो: आधी झोप जाते, मग जेवण गोड लागत नाही, मग माणूस वावराकडे जायचं टाळतो.

पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर बरं वाटल्यापासून निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. त्यानंतर डोस टप्प्याटप्प्यानं, आठवडे-महिने घेऊन उतरवायचा, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. कर्जाचा हप्ता, पेरणी, घरातलं लग्न असल्या धकाधकीत ही उतरण सुरू करू नये. दिवस गेले आहेत असं कळलं तरी घाबरून त्याच दिवशी गोळी टाकू नका, आधी डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या चालू ठेवता येतात, काही बदलतात.

बंद झाल्यावर चार-दोन गोळ्या उरतातच. वहिनीलाही ‘तसंच’ वाटतं म्हणून त्या तिला देऊ नका. तिला आशाताईकडे न्या, आणि उरलेलं पाकीट पुढच्या भेटीत दवाखान्यात परत करा.