जेवलं की अंग गळून जातं? हार्मोनची शंका अशी तपासा

दुपारी भाकरी खाऊन उठलं की डोळ्यावर झापड येते, यात आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. पण जेवण झालं की हातपाय गळतात, उठवत नाही, दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना डोळे मिटतात आणि हे आठवड्यातून चार-पाच दिवस होतं, तेव्हा "ऊन लागलं असेल" किंवा "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. असा थकवा वाढला की बरेच जण थेट लॅबमध्ये जाऊन थायरॉईड तपासून येतात. रिपोर्ट नॉर्मल आला की विषय तिथेच थांबतो आणि थकवा मात्र चालूच राहतो. तपासणीआधी एक काम करायचं असतं, ते म्हणजे थकवा जेवणानंतर किती वेळाने येतो ते घड्याळ बघून लिहून ठेवणं. कारण कुठे शोधायचं, याचा पहिला धागा तिथे मिळतो.

आधी नेहमीची पेंग बाजूला काढा

दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान शरीराचं घड्याळच मंदावतं. जेवला नाहीत तरी मंदावतं. त्यात पहाटे पाचला उठून रानात गेलेला माणूस असेल तर पेंग येणारच. भरपेट जेवणानंतर आतड्यातून काही हार्मोन (रक्तातून निरोप नेणारी रसायनं) सुटतात, रक्तातली साखर वाढते, आणि आपल्याला जागं ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशी थोड्या शांत होतात. "रक्त पोटाकडे जातं म्हणून झोप येते" असं घरोघरी सांगतात, पण मेंदूचं रक्त शरीर सहसा कमी पडू देत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात भज्जी, उंडे, खीर आणि वर अंबिल घेतल्यावर झाडाखाली सगळेच आडवे होतात. तो आजार नव्हे. वीस मिनिटांच्या डुलकीने तरतरी येत असेल तर काळजीचं कारण नाही.

आठवडाभर वही ठेवा

एक साधी वही घ्या. रोज लिहा: किती वाजता जेवलो, ताटात काय आणि किती होतं, थकवा किती वाजता आला, सोबत काय झालं (घाम, थरथर, चक्कर, तहान, डोकं जड), किती वेळ टिकला, रात्री किती झोप झाली. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी, कारण पाळीआधीच्या आठवड्यात सुस्ती वाढू शकते. चहाचे कप आणि त्यातली साखर विसरू नका. "नेहमीचं जेवण" असं लिहून चालणार नाही. अडीच भाकरी, वाटीभर पिठलं, दोन वाट्या भात, असं लिहा.

आता वेळ वाचा

जेवणानंतर अर्ध्या ते दोन तासांत जडपणा, तहान, वारंवार लघवी, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, हे मिळून येत असेल तर साखर वाढत असल्याची शंका घ्या. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं हार्मोन म्हणजे इन्सुलिन; ते पुरेसं नसतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो, त्याला बरेच जण मळ समजून घासत बसतात. ती इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची खूण असू शकते. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा त्रास) असलेल्या मुलींमध्ये ती बऱ्याचदा दिसते. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा आणि बायकांची ८० पेक्षा जास्त असेल तर शंका आणखी पक्की. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून पहिली तपासणी साखरेचीच करावी.

दोन ते चार तासांनी घाम फुटणं, हात थरथरणं, धडधड, एकदम भूक आणि चिडचिड होत असेल तर साखर खाली घसरत असू शकते. गोडाचं जेवण झालं की इन्सुलिन कधी गरजेपेक्षा जास्त सुटतं. त्याच क्षणी ग्लुकोमीटरने साखर मोजा. अंदाजावर राहू नका, कारण अशी लक्षणं साखर नॉर्मल असतानाही येतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. नवरात्राच्या उपवासात गोळी चालू आणि जेवण बंद, असं कधीच करू नका.

थकवा सकाळपासूनच असतो आणि जेवणानंतर फक्त जास्त जाणवतो, असं वहीत दिसलं तर थायरॉईडकडे वळा. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस गळणं, पाळीला जास्त रक्त जाणं, ही त्याची सोबत.

एक कारण कमी आढळतं, पण आपल्या भागात त्यावर मुद्दाम लिहायला हवं. गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्या वर्षानुवर्षं घेणारी माणसं गावोगाव आहेत. काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. ते बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (ताकद आणि बीपी टिकवणारं हार्मोन) बनवणं कमी करतात. मग पुडी एकदम बंद केली की अंग पार गळतं, उठताना चक्कर येते, उलट्या होतात. म्हणून पुडी अचानक सोडू नका, ती सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. वजन घटतंय, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडताहेत, खारट खावंसं वाटतंय, असं असेल तेव्हाही कॉर्टिसॉलची शंका डॉक्टरांपुढे मांडा. मात्र "अ‍ॅड्रिनल थकवा" (अ‍ॅड्रिनल म्हणजे याच मूत्रपिंडावरच्या ग्रंथी) नावाने विकली जाणारी पॅकेजं आणि चूर्णं घेऊ नका, असं निदान वैद्यकशास्त्र मानत नाही.

घरातल्या वयस्कांना जेवण झाल्यावर चक्कर येत असेल तर जेवणाआधी आणि जेवणानंतर तासाभराने बीपी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

दोन आठवडे ताट बदलून पाहा

ज्वारी चांगलीच, पण तीन भाकऱ्यांवर भात हा भार मोठाच आहे. एक भाकरी किंवा भात कमी करा आणि त्या जागी मुगाची उसळ, घट्ट वरण, दही किंवा अंडं वाढवा. जेवणाची सुरुवात मेथीच्या घोळाण्याने, वाळूक-काकडी-कांद्याने करा, भाकरी नंतर. या क्रमाने साखर हळू चढते. सकाळी नुसत्या चहा-खारीवर निघून दुपारी अडीचला एकदम भरपेट खाणं टाळा. चुरमुऱ्यांचा सुशीला केला तर त्यात शेंगदाणे सढळ हाताने घाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. उन्हाळ्यात घरातल्या घरात, अंगणात सावलीत चाललात तरी चालेल. पाणी दिवसभर प्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर भाकरी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

तपासण्या

उपाशीपोटी साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी१२ जीवनसत्त्व. शेवटच्या दोन हार्मोनशी जोडलेल्या नाहीत, तरी सोडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. बी१२ शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत कमी पडतं.

साखर तपासायची म्हणून आदल्या दिवशी गोड बंद करणं आणि त्या दिवशी अर्धीच भाकरी खाणं, हे सर्रास चालतं. त्याने रिपोर्ट चांगला दिसतो आणि आजार लपतो. नेहमीसारखंच जेवा आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजा. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह, पण तो पुन्हा तपासून पक्का करतात. रक्तक्षय असेल तर एचबीए१सी फसवू शकतं, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टीएसएचआधी दोन दिवस थांबवा.

आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पैशांसाठी अडून राहू नका. दिवस गेले असतील तर साखरेच्या चाचणीसाठी आशाताईंना विचारा.

जेवल्यावर छातीत दाब, दम लागणं, बेशुद्धी, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

एरवी वही, चालू औषधांच्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि थकवा जेवणानंतर किती वेळाने येतो, हे सगळ्यात आधी सांगा. थायरॉईडची गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा ते एक तास घ्यायची, आणि टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. त्याआधी तपासलं तर डोस बरोबर आहे की नाही ते नीट कळत नाही.