वारसायुद्धाच्या लढाया जुन्या नकाशांवर कशा वाचाव्यात

शाहजहानच्या पुत्रांमधील १६५८ चे वारसायुद्ध हे मोगल साम्राज्याचे गृहयुद्धच होते, आणि औरंगजेबाची उत्तरेकडील चाल खानदेशातील बऱ्हाणपूरवरून झाली असल्याने जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकाने नकाशावाचन तेथूनच सुरू करावे.

प्रथम भारतीय सर्वेक्षण विभागाची इंचास एक मैल प्रमाणाची जुनी पत्रके मिळवावीत. ती युद्धानंतर फार उशिरा तयार झाली असल्याने त्यांवरील लोहमार्ग व कालवे विचारात घेऊ नयेत. डोंगर, खिंडी आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) मात्र निःशंकपणे वापराव्यात. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस या रेषा पाहिल्या की सातपुड्यातील वाटेवर असीरगडाचे महत्त्व का होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. अंतर मोजताना सरळ रेषा न धरता वाटेच्या वळणांवर दोरा ठेवून मोजावे, कारण तोफा आणि बैलगाड्या वाटेनेच जातात.

नदीबाबत सर्वाधिक सावधगिरी हवी. औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा याने धौलपूरजवळचे चंबळेचे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येण्याच्या जागा, अडवून धरल्या असता औरंगजेबाने दुसऱ्याच, फारशा माहीत नसलेल्या उताराने नदी ओलांडली, आणि त्यानंतर आग्र्याजवळ सामूगढची लढाई झाली; नकाशावर केवळ निळी रेघ पाहणाऱ्याला हा डाव उमगणार नाही. उतार शोधताना काठावरील घळी व नदीकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा तपासाव्यात.

शेवटी तारखा लिहाव्यात, पण जुन्या (ज्युलियन) व नव्या (ग्रेगोरियन) ख्रिस्ती कालगणनेत तेव्हा दहा दिवसांचा फरक असल्याने एकच गणना कायम ठेवावी.