सीबीडीसाठी हेम्पचे बियाणे घेण्यापूर्वीची तयारी

हेम्प म्हणजे नशा आणणारे टीएचसी हे रसायन अत्यल्प असलेले कॅनाबिस, अर्थात भांगेचे झाड, आणि सीबीडी म्हणजे त्याच्या फुलोऱ्यातील नशा न आणणारे रसायन. त्यासाठी हेम्पची रोपे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शेतात जायची असतील, तर बियाण्याची चौकशी आदल्या नोव्हेंबरातच सुरू झालेली असावी. इतका अवधी दुकाने हिंडण्यासाठी नव्हे, तर कागदपत्रे मागवणे, ती पडताळणे आणि थोडे बी आधी स्वतः रुजवून रोपांची पाने प्रयोगशाळेत पाठवणे यासाठी लागतो. मार्चमध्ये जागे झालेल्या शेतकऱ्याला यांपैकी शेवटचे काम करता येत नाही, आणि नेमके तेच सर्वांत महत्त्वाचे असते. ही यादी न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स परिसर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, जिथे मे महिन्यात हरितगृहात रोपे धरतात आणि सप्टेंबरअखेरपासून कापणीला लागतात. मायदेशातील वाचकांसाठी एवढेच, की भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना कॅनाबिसची लागवड हा गुन्हा आहे आणि औद्योगिक हेम्पला प्रथम परवानगी देणारे राज्य उत्तराखंड होते, महाराष्ट्र नव्हे. तेव्हा गावाकडच्या भावाला चार बिया पाकिटातून पाठवण्याचा विचारही कोणी करू नये.

सर्वप्रथम परवाना आणि कायद्याची सद्यःस्थिती तपासावी. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून हेम्प उत्पादकाला थेट अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याकडून परवाना घ्यावा लागतो. २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे अमेरिकेच्या शेतीविषयक कायद्याने, हेम्पची व्याख्या कोरड्या वजनावर ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचा मुख्य प्रकार) अशी केली. पण कापणीपूर्वीच्या तपासणीत पहिल्यापासून मोजले जाते ते एकूण टीएचसी, म्हणजे टीएचसी अधिक टीएचसीएच्या (तापवल्यावर टीएचसीत बदलणाऱ्या आम्लाच्या) ०.८७७ पट. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने व्याख्येतच एकूण टीएचसी आणले असून, एक वर्षानंतर अमलात येणाऱ्या या तरतुदीनुसार ज्या झाडाचे एकूण टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त भरते त्या झाडाचे उगवणक्षम बीही हेम्प मानले जाणार नाही. त्यामुळे बियाण्याच्या मातृवृक्षांचा अहवाल मागणे ही आता चोखंदळपणाची बाब उरलेली नाही. त्याच कायद्याने विक्रीसाठीच्या तयार मालाला दर डब्यामागे ०.४ मिलिग्रॅम एकूण टीएचसीची मर्यादा घातली आहे. म्हणून बियाणे निवडण्याआधी माल घेणाऱ्या प्रक्रिया उद्योगाला तो या मर्यादेत काय विकणार आहे हे विचारून घ्यावे आणि त्याचे उत्तर गोलमोल असेल तर बियाण्याचा शोध तिथेच थांबवावा.

त्यानंतर पिशवीवरील लेबल वाचावे, आणि ते काय सांगत नाही याकडे अधिक लक्ष द्यावे. पीक, वाण, लॉट क्रमांक, उत्पादनाचे ठिकाण, शुद्ध बियाण्याचे प्रमाण, इतर पिकांचे व तणांचे बी, काडीकचरा, उगवणशक्ती आणि ती तपासल्याचा महिना, एवढी माहिती सर्वसाधारण बियाणे कायद्याच्या लेबलावर असते. गहू किंवा मका घेणाऱ्याला ती पुरते. सीबीडीसाठी लावणाऱ्याला मात्र आणखी दोन गोष्टी हव्या असतात: यातून उगवणारी झाडे मादीच असतील का, आणि ती सीबीडीच्याच वळणाची असतील का. या दोन्ही गोष्टी बियाकडे पाहून कळत नाहीत. करड्या-तपकिरी, ठिपकेदार सालीचे टपोरे बी तळहातावर घेतले तर ते पक्व आहे, फुटलेले नाही, एवढेच समजते. नर-मादीचा आणि रसायनाचा हिशेब सालीवर लिहिलेला नसतो. शब्दशः खरे असलेले लेबलही म्हणूनच सीबीडी उत्पादकाला पुरते फसवू शकते.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना टॅगचे रंग ओळखीचे असतात: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा आणि सत्यप्रतला हिरवा. अमेरिकेतही पायाभूत बियाण्याला पांढरा व प्रमाणितला निळाच टॅग असतो, मधल्या नोंदणीकृत वर्गाला जांभळा. परंतु निळा टॅग पाहून हुरळून जाऊ नये, कारण हेम्पमध्ये निळ्या टॅगचे बियाणे बहुतांशी धान्याच्या आणि धाग्याच्या वाणांचे असते. कॅनडातील किंवा युरोपीय यादीतील असे वाण टीएचसीच्या बाबतीत निर्धोक असले तरी त्यांचे सीबीडीही एक ते तीन टक्क्यांच्या आसपासच राहते आणि त्यांत निम्मी झाडे नर निघू शकतात किंवा एकाच झाडावर दोन्ही फुले येतात. फेमिनाइज्ड, म्हणजे मादीच रोपे यावीत अशा रीतीने बी तयार केलेल्या, सीबीडी वाणांत प्रमाणीकरण अद्याप विरळ आहे. त्याऐवजी वाणाला वनस्पती वाण संरक्षणाचे प्रमाणपत्र आहे का, हे पाहावे. कृषी खात्याने हेम्पच्या बियाण्यापासून वाढणाऱ्या वाणांसाठी असे अर्ज एप्रिल २०१९ पासून स्वीकारायला सुरुवात केली, आणि ज्याला ते मिळाले आहे त्याचे वेगळेपण, एकसारखेपण व स्थैर्य कोणीतरी कागदावर तपासलेले असते. सीमेपलीकडून येणाऱ्या बियाण्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. कॅनडाच्या बाबतीत त्याऐवजी बियाणे विश्लेषण प्रमाणपत्रही चालते.

आता प्रयोगशाळेच्या अहवालाकडे यावे. विक्रेत्याने ‘बियाण्याचा टीएचसी अहवाल’ म्हणून काही पुढे केले तर तो बाजूला ठेवावा, कारण खुद्द बियात टीएचसीही जवळजवळ नसते आणि सीबीडीही नसते. अहवाल हवा तो त्याच लॉटच्या बियांपासून वाढवलेल्या झाडांच्या फुलोऱ्याचा, नमुना कोणत्या तारखेला आणि फुलोरा सुरू झाल्यापासून कितव्या आठवड्यात घेतला हे नोंदवलेला, आणि लॉट क्रमांक पिशवीवरच्या क्रमांकाशी जुळणारा. माझ्यासमोर आलेल्या एका अहवालात सगळे आकडे देखणे होते, फक्त नमुना ज्या वर्षी घेतला त्याच्या पुढच्या वर्षी तो लॉट तयार झालेला होता.

आकड्यांची परीक्षा घरी कागद-पेन्सिलीने करता येते. सीबीडी प्रकारच्या झाडात सीबीडी आणि एकूण टीएचसी ही दोन्ही एकत्रच वाढतात आणि त्यांचे गुणोत्तर साधारण २० ते ३० ला एक असे राहते, कारण सीबीडी बनवणारे विकरच थोडे टीएचसीएही बनवून ठेवते. म्हणजे २५ ला एक धरले तर सीबीडी साडेसात टक्क्यांवर पोहोचते तेव्हा एकूण टीएचसी ०.३ ला टेकलेले असते. जाहिरातीत ‘सीबीडी १६.५ टक्के, टीएचसी ०.१२ टक्के’ असे दिसले की अहवालातील टीएचसीएची ओळ शोधावी, तिथे ०.६५ असेल तर ०.६५ गुणिले ०.८७७ म्हणजे ०.५७, त्यात ०.१२ मिळवून एकूण ०.६९, अर्थात मर्यादेच्या दुपटीहून अधिक, आणि गुणोत्तर पुन्हा २४ ला एक. यात कोणतीही जादू नाही. अर्धी बेरीज छापलेली असते. पिकलेल्या फुलोऱ्यात पंधरा टक्के सीबीडी आणि मर्यादेतले एकूण टीएचसी, दोन्ही एकाच वेळी देण्याचे वचन जो विक्रेता सहज देतो, त्याच्याशी पुढचे बोलणे न केलेले बरे. ज्याच्याकडे फुलोऱ्याच्या दर आठवड्याचे वाचन असलेला तक्ता आहे, त्याच्याशी करावे. नियमानुसार नमुना घेतल्यापासून ३० दिवसांत कापणी पूर्ण करावी लागते, त्यामुळे कोणत्या आठवड्यात निरीक्षकाला बोलवायचे हे त्या तक्त्यावरूनच ठरते. पीक मर्यादेबाहेर गेले तर ते नष्ट करावे लागते किंवा फुले वेगळी काढून अथवा सारे पीक कुट्टी करून पुन्हा तपासावे लागते. एकूण टीएचसी एक टक्क्यापुढे गेले तर निष्काळजीपणाचा ठपकाही येऊ शकतो.

कागदपत्रे पटली की लॉटमधून बी विकत घेऊन डिसेंबर-जानेवारीत घरच्या घरी रुजवावे. झाड सीबीडीचे होणार की टीएचसीचे, हे प्रामुख्याने एकाच जनुकस्थानावर ठरते: दोन्ही प्रती सीबीडीच्या असल्या तर सीबीडी, दोन्ही टीएचसीच्या असल्या तर टीएचसी, आणि एकेक असली तर दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी यासाठी आणि नर झाड ओळखण्यासाठी डीएनए चाचण्या विकसित केल्या असून, कोवळ्या रोपाचे पान त्यासाठी पुरते. किती रोपे तपासावीत, याचे उत्तर कंजूषीने देऊ नये. लॉटमध्ये पाच टक्के भेसळ असेल तर ती ३० रोपांत एकदाही न सापडण्याची शक्यता पाचात एक उरते. ती विसात एक इतकी खाली आणायला ५९ रोपे लागतात, आणि एक टक्क्याची भेसळ तितक्याच खात्रीने पकडायला सुमारे ३००. टीएचसी वाढल्यावर उन्हाला, पाण्याच्या ताणाला किंवा खताला दोष देण्याची रीत विक्रेत्यांत आहे. कॉर्नेलच्याच प्रयोगांत अशा ताणांचा या गुणोत्तरावर फारसा परिणाम दिसला नाही, ही गोष्ट वाद घालताना लक्षात असावी.

उगवणशक्तीसाठी शंभर बिया मोजून ओल्या कागदी रुमालात गुंडाळाव्यात, उबदार जागी ठेवाव्यात आणि सातव्या दिवशी निरोगी मोड मोजावेत. हे तेलबी असल्याने उष्ण, दमट जागेत त्याचा जोम लवकर ओसरतो. म्हणून तपासणीचा महिना जुना असेल तर लेबलावरचा आकडा जुनाच समजावा. वाण कोणत्या अक्षांशावर निवडला गेला हेही विचारावे, कारण बहुतेक सीबीडी वाण दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतात आणि इथे उशिरा फुलणारा वाण थंडीच्या तोंडाशी सापडतो.

फेमिनाइज्ड म्हणजे नर शून्य, असे गृहीत धरू नये. मादी झाडावर चांदीचे क्षार फवारून तिलाच पराग धरायला लावतात आणि त्या परागापासून हे बी तयार होते. काम नीट झाले तर जवळजवळ सर्व रोपे मादी निघतात. पण ९९.५ टक्क्यांचे आश्वासन पाळले गेले तरी एकरी २,००० रोपांप्रमाणे पाच एकरांत ५० नर उभे राहतात, आणि त्यांतल्या एखाद्याचा पराग वाऱ्यावर सुटला की आपल्याच नव्हे तर शेजाऱ्याच्या फुलोऱ्यातही बी भरते व सीबीडी घटते. त्यामुळे जुलैपासून दर दोन-तीन दिवसांनी ओळी फिरण्यासाठी माणसे आधीच ठरवावीत. पानाच्या देठाच्या बगलेत पाहायचे असते: देठावर लोंबणारी बारीक गोल कळी दिसली तर नर, पांढऱ्या केसांची जोडी दिसली तर मादी.

शेवटी पैशाची आणि पुराव्याची बाब. २०१९ च्या तेजीत एकेका फेमिनाइज्ड बीला डॉलरभर मोजावा लागत होता, म्हणजे एकरी बियाण्याचाच खर्च दीड-दोन हजार डॉलरांवर जात असे. आणि बियाण्याच्या पावतीवरील बारीक अक्षरांत विक्रेत्याची जबाबदारी बहुधा बियाण्याच्या किमतीपुरतीच मर्यादित केलेली असते, वाया गेलेल्या हंगामाची नव्हे. म्हणून मादी रोपांचे प्रमाण, गुणोत्तर आणि उगवणशक्ती ही तिन्ही वचने लॉट क्रमांकासह पावतीवर लिहून मागावीत. तोंडी दिलेला शब्द वर्षअखेरीस कोणालाच आठवत नाही. पिशवी फोडताना टॅगचे छायाचित्र काढावे, टॅग फेकू नये, आणि प्रत्येक लॉटमधील शंभर बिया काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून, त्यावर लॉट क्रमांक व तारीख लिहून, कापणीचा अंतिम अहवाल हाती येईपर्यंत शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवून द्याव्यात.