वादविवाद स्पर्धेत गुण कुठे जातात? या चुका टाळा

खणखणीत आवाजाचा, सफाईदार बोलणारा विद्यार्थी मागे पडतो आणि मध्येच अडखळणारा चषक घेऊन जातो, तेव्हा सभागृहाला निकाल खटकतो. बहुतेक वेळा परीक्षकांचं बरोबर असतं. पहिल्याने उत्तम भाषण केलं, पण समोरच्याने काय मांडलं याची दखलच घेतली नाही. वक्तृत्व आणि वादविवाद यांतला फरक इथेच आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका तो न ओळखल्यामुळे होतात.

विषय अर्धवट वाचणे

‘पाचवी आणि आठवीत विद्यार्थ्यांना नापास करावे’ हा शाळा-महाविद्यालयांत नेहमी येणारा विषय घ्या. चिठ्ठी हातात पडताच मुलं ‘परीक्षा हव्यात की नकोत’ यावर बोलू लागतात. विषय तो नाहीच. परीक्षा घेऊनही कुणाला मागे न ठेवणं शक्य आहे, त्यामुळे वाद फक्त त्याच वर्गात पुन्हा बसवण्याचा आहे. विषयातला प्रत्येक शब्द कागदावर वेगळा लिहा आणि स्वतःला विचारा: कोणी करायचं, कोणासाठी, आणि आज काय स्थिती आहे?

आजची स्थिती तपासली नाही तर पाया खचतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कुणालाही मागे न ठेवण्याची तरतूद होती. ‘ढकलपास’ हा शब्द त्यावरून गाजला. पण २०१९ मध्ये कायदा बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते. नापास झालेल्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी मिळते, आणि तीही हुकली तर मागे ठेवायचं की नाही हे राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम बदलले. जुन्या भाषणाची वही उघडून ‘सरकार मुलांना सरसकट पुढे ढकलतं’ असं म्हणणाऱ्याला विरोधक एका वाक्यात गप्प करतो.

याच्या उलट चूक म्हणजे व्याख्या इतकी सोयीची करणे की विरोधकाला बोलायला काही उरतच नाही. परीक्षकांना ते लगेच कळतं. रस्त्यावरच्या माणसाला विषय ऐकून जो अर्थ लागेल, तोच घ्या.

मुद्दा सांगणे, पण सिद्ध न करणे

‘नापास केल्याने मुलांचं मानसिक खच्चीकरण होतं’ हे नुसतं विधान झालं. त्याला ‘का?’ असं दोनदा विचारा. मूल आपल्या वयाच्या मुलांपासून तुटतं. तुटलेलं मूल शाळेला दांड्या मारू लागतं, आणि ज्या घरात त्याच्या कमाईची गरज आहे तिथे ते शाळेतून कायमचं बाहेर पडण्याची भीती असते. आता मुद्दा उभा राहिला. विधान, कारण, उदाहरण आणि ‘म्हणून विषयाला काय फरक पडतो’ हे चौथं वाक्य एवढं हवंच. चौथं वाक्य सर्वाधिक गळतं.

पाच मिनिटांत असे दोन मुद्दे नीट बसतात, फार तर तीन. मराठीत स्पष्ट बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात. म्हणजे हाती सहाशेच्या आसपास शब्द आहेत. त्यातले साठ शब्द ‘सन्माननीय व्यासपीठ, ज्ञानवंत परीक्षक’ आणि एका शेरावर गेले तर दहावा हिस्सा संपला. संबोधन एका वाक्यात उरका आणि दुसऱ्या वाक्यात आपली बाजू सांगा.

खंडन: सगळ्यात जास्त गुण इथे सांडतात

महाराष्ट्रातल्या अनेक स्पर्धांत एका संस्थेचे दोन स्पर्धक असतात, एक अनुकूल बाजूचा आणि एक प्रतिकूल. काही ठिकाणी खंडनासाठी वेगळी दोन मिनिटं मिळतात, काही ठिकाणी ते मूळ वेळेतच करायचं असतं. नियमपत्रकात हे आधी शोधा, कारण वेगळा वेळ नसेल तर शेवटचं दीड मिनिट त्यासाठी राखून ठेवावं लागतं.

नेहमीचं फसलेलं खंडन असं असतं: ‘माझ्या प्रतिस्पर्ध्याचं म्हणणं हास्यास्पद आहे.’ यात खोडलं काहीच नाही. दुसरा प्रकार म्हणजे विरोधकाने दिलेल्या एका उदाहरणावर तुटून पडणं आणि त्यामागचा मुद्दा तसाच सोडणं. उदाहरण पडलं तरी मुद्दा उभाच राहतो.

चांगलं खंडन ऐकायला असं लागतं: ‘विरोधी वक्ते म्हणाले, नापासाची भीती असली की मुलं अभ्यास करतात. पण पाचवीतल्या ज्या मुलाला सलग वाचता येत नाही, त्याची अडचण आळस नाही. त्याचं वाचन कच्चं राहिलं ते खालच्या वर्गात. तोच वर्ग, त्याच पद्धतीने, पुन्हा दिल्याने ती उणीव भरत नाही. भीती वाढेल, वाचन वाढणार नाही.’ आधी त्यांचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं, मग कारण आणि परिणाम यांतला दुवा तोडला. आपल्याकडच्या शास्त्रार्थातही, म्हणजे पंडितांच्या जुन्या वादपद्धतीतही, आधी पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं) मांडायचा, मग उत्तर द्यायचं, असाच क्रम होता. विरोधकाचं म्हणणं मोडतोड करून सांगितलं तर परीक्षक तिथेच विश्वास काढून घेतात.

यासाठी टिपणं हवीत. कोरा कागद आडवा धरा, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे विरोधकाचा मुद्दा तीन-चार शब्दांत, उजवीकडे दुसऱ्या शाईने तुमचं उत्तर. अख्खी वाक्यं लिहायला गेलात तर पुढचा मुद्दा ऐकायचा राहतो. सगळ्यांना उत्तर देऊ नका. जो मुद्दा पडला की त्यांची बाजू कोलमडते, असे दोन निवडा.

चिठ्ठीत पहिला क्रमांक आला आणि खोडायला कुणी बोललेलंच नसेल तर? विरोधक जे नक्की म्हणणार ते स्वतःच मांडा आणि आधीच उत्तर द्या. उशिरा क्रमांक आला आणि तुमचा मुद्दा आधीच कुणी मांडून गेला असेल, तर तो पुन्हा पहिल्यापासून सांगू नका. त्यावर झालेल्या खंडनाला उत्तर द्या. तिथूनच तो मुद्दा तुमचा होतो.

संसदीय पद्धतीत वेगळं काय चुकतं

ब्रिटिश संसदीय पद्धतीत दोघांचे चार संघ असतात, तयारीला १५ मिनिटं आणि भाषणाला सात. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून विरोधक उभं राहून मध्येच प्रश्न देऊ करू शकतात. मराठी स्पर्धांतून आलेली मुलं इथे घाबरून प्रत्येक प्रश्न नाकारतात. परीक्षक त्याचा अर्थ ‘उत्तर नाही’ असा लावतात. एक तरी घ्या, मात्र तुमचा मुद्दा पूर्ण झाल्यावर. तयारीची १५ मिनिटं भाषण लिहिण्यात घालवू नका. पहिली पाच मिनिटं विरोधक काय म्हणतील यावर खर्च करा.

हातवारे आणि आवाजावर फार बोललं जातं, म्हणून थोडक्यात: घाई हा एकच दोष खरा महागात पडतो. पाठांतरात एक शब्द अडला की पुढचं सगळं जातं, तेव्हा भाषण पाठ करण्याऐवजी मुद्द्यांचे पाच-सहा शब्द कार्डावर ठेवा. इशाऱ्याची घंटा वाजली की नवा मुद्दा सुरू करू नका.

स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी जोडीदारासोबत बाजू बदलून एक फेरी खेळा. तुमच्याच मुद्द्यांना उत्तर देताना जिथे सहज जिंकाल, तिथे विरोधकही जिंकणार आहे. तो मुद्दा त्याच संध्याकाळी दुरुस्त करा किंवा काढून टाका.