मनातलं कागदावर आणताना

भावना रंगवायला बसलं की पहिल्या फटक्यात टपोरा अश्रू, तुटका बदाम किंवा गुडघ्यांत डोकं घातलेली मुलगी, यांपैकीच काहीतरी कागदावर येतं. ही चिन्हं सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून तयार असतात. त्यांत तुमचं असं काहीच नसतं, म्हणून बघणारा ‘अच्छा, दुःख’ म्हणतो आणि पुढे जातो. तुमचं जे असतं ते तपशिलात असतं आणि तो लवकर विरतो. म्हणून आधी तो पकडायचा.

त्यासाठी ए-५ आकाराची चित्रवही आणि ६बी (मऊ, गडद उमटणारी) पेन्सिल पुरते. खोडरबर लांब ठेवा. मन हललं की त्याच दिवशी पाच मिनिटांत चार गोष्टी टिपायच्या: शरीरात कुठे काय झालं (घसा आवळला, दात आवळले गेले, बोटं गार पडली), नजर कशावर खिळली होती, उजेड कुठून येत होता आणि त्या क्षणी काय करावंसं वाटत होतं. ‘खूप वाईट वाटलं’ हे वाक्य लिहू नका, त्यातून पुढे काहीच काढता येत नाही. समजा, जवळची मैत्रीण अचानक बोलेनाशी झाली. नोंद अशी हवी: ‘फोन गादीवर उपडा. कडेने निसटलेला उजेड चादरीच्या सुरकुत्यांवर. हात उशीखाली, मूठ वळलेली. फोन उलटा करून बघायचा मोह.’ शेजारी त्या सुरकुत्यांच्या चार-पाच रेषा, जमतील तशा. चित्राचा कच्चा माल एवढाच.

यानंतर थांबायचं. नवखे चित्रकार नेमकी हीच पायरी गाळतात. भावना ताजी असताना मारलेला प्रत्येक फटकारा बरोबरच वाटतो, कारण उरलेलं सगळं तुमची आठवण भरून काढते. बघणाऱ्याकडे ती आठवण नसते. किरकोळ रुसव्याला चार दिवस पुरतील, मोठ्या दुःखाला वर्षंही लागतात. जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केथे कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा ऑक्टोबर १९१४मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकाचं काम त्यांनी लगेच हाती घेतलं, पण ते उभं राहिलं १९३२ साली. सुरुवातीच्या कल्पनेत मुलाचा देह होता. शेवटी तो देह वगळला गेला आणि उरले फक्त गुडघे टेकलेले आईबाप, दोघांचे हात स्वतःभोवतीच आवळलेले. घडलेलं दाखवणं सुटलं आणि शरीराची ठेवण तेवढी राहिली.

थांबून झालं की नोंदीवरून ५ × ७ सेंटिमीटरच्या चौकटी आखा, निदान आठ. प्रत्येकीला तीन मिनिटं आणि तीनच छटा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. फोन एका चौकटीत कडेपर्यंत भरून काढा, दुसरीत भल्यामोठ्या गादीच्या कोपऱ्यात इवलासा, तिसरीत थेट वरून, चौथीत फोनच नको, नुसता चादरीवरचा उजेड. पहिल्या दोन-तीन चौकटी घिशापिट्या निघतात, निघू द्या. मग वही भिंतीला टेकवून दोन मीटर मागे जा. लांबूनही जी चौकट डोळा धरून ठेवते ती घ्यायची. गडद भाग चौकटीत कुठे आणि किती, यावर चित्राचा निम्मा सूर ठरतो. रंग त्यानंतर.

दुःख म्हणजे निळा, राग म्हणजे लाल हे सूत्र आमच्या मते सोडूनच द्यावं. रंगांच्या तीन नळ्या घ्या: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिल्या दोन्हींच्या मिश्रणातून येणारा करडा कधी थंडाकडे, कधी उबेकडे झुकवता येतो. नळीतला काळा पातळ करून केलेला करडा त्यापुढे मेलेला दिसतो. भडक रंग एकाच जागी ठेवा, इथे फोनच्या कडेला.

जलरंगासाठी कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम) असावा, त्याहून पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. अर्धवट ओल्या थरावर पाणीदार ब्रश टेकवला की कोबीच्या फुलासारखे डाग उठतात. हाताची मागची बाजू लावून कागद गार लागतो का बघा, लागला तर अजून ओला आहे. रंगाचा चिखल होण्याची दोन कारणं असतात: एका मिश्रणात तीनांहून जास्त रंग, किंवा न सुकलेल्या थरावर घासाघीस. राग, धुसफूस असेल तर चित्रकलेचा कोळसा (चारकोल) बरा, हाताचा दाब त्यात जसाच्या तसा उमटतो. मात्र गुळगुळीत कागदावर तो ठरत नाही, खरखरीत कागदच लागतो.

काम संपत आलं की समजावून सांगायची खुमखुमी येते. फोनवर न वाचलेला निरोप दिसावा, उशीवर एक थेंब असावा वगैरे. तसं काही घातलंच असेल तर त्यावर कागदाचा कपटा ठेवून बघा. त्याच्याशिवाय चित्र उभं राहत असेल तर तो भाग काढा. शीर्षकातही ‘एकटेपणा’ नको, ‘पावणेबारा’ चालेल.

एक महत्त्वाचं. वही उघडली की दर वेळी जास्तच त्रास होत असेल तर तो विषय बाजूला ठेवा आणि विश्वासातल्या माणसाशी बोला. चित्र काढणं हा त्यावरचा उपचार नव्हे.

चित्र दाखवताना ‘आवडलं का?’ विचारू नका, ‘काय दिसतंय?’ विचारा आणि स्वतः गप्प राहा. तुम्ही राग काढलात आणि समोरच्याला कुणीतरी वाट बघतंय असं दिसलं, तर वाद घालायला जाऊ नका. चौकटींकडे परत जा, गादीचा मोकळा भाग कापा, गडद छटा फोनच्या अगदी अंगाशी आणा आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा सुरू करा.