खान्देशातून नर्मदेची खंड परिक्रमा: टप्पे कसे पाडावेत

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे; म्हणजे दोन्ही काठांनी चालणाऱ्यास २,६०० किलोमीटरच्या पुढे अंतर पडते, आणि धरणांच्या फुगवट्यांना वळसे घालावे लागत असल्यामुळे प्रत्यक्षातली चाल त्याहूनही वाढते. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची शास्त्रोक्त परिक्रमा नोकरदाराला किंवा शेतकऱ्याला सहसा शक्य नसते, आणि एका दमात करायची म्हटली तरी चार-पाच महिने लागतात. अशा माणसाने खंड परिक्रमेचा मार्ग धरावा, म्हणजे एका वर्षी जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वर्षी पाऊल उचलावे. दिवसाला २० किलोमीटरचा हिशेब धरल्यास वर्षाला बारा दिवस देणाऱ्याला सुमारे अकरा वर्षे लागतील आणि वीस दिवस देणाऱ्याला साडेसहा ते सात. तीन-चार दिवसांचे तुकडे मात्र करू नयेत. पहिले तीन दिवस पाय आणि खांदे सवयीला येण्यातच जातात, आणि अंग रुळले म्हणेपर्यंत परतीची गाडी समोर उभी राहते.

टप्पे ठरवताना बहुतेक जण तीर्थक्षेत्रांची यादी समोर ठेवतात. खान्देशातल्या माणसाने त्याआधी रेल्वेचे आणि एसटीचे वेळापत्रक उघडावे, असे माझे मत आहे. टप्पा अशा जागी संपला पाहिजे की तिथून रात्रीपर्यंत घरची वाट धरता येईल आणि पुढच्या वर्षी तिथेच परत पोहोचता येईल. या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. भुसावळहून खंडवा, हरदा, इटारसी आणि पुढे जबलपूरपर्यंत सरळ रेल्वे आहे. जळगाव-अमळनेर-नंदुरबारहून ताप्ती लाइनने सुरत आणि तिथून अंकलेश्वर-भरूच गाठता येते. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधवा, जुलवानिया, ठीकरी करत खलघाटच्या पुलापर्यंत बस जाते. आणि शहाद्याहून खेतियामार्गे बडवानीचा रस्ता आहे. हे चार मार्ग नकाशावर आखले, की परिक्रमेचे तुकडे बऱ्याच अंशी आपोआप पडतात.

आता नियमांकडे वळू. मैया सदैव उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही, हे दोन नियम सर्वांना ठाऊक असतात. उपनद्या ओलांडण्यास हरकत नसते. खान्देश नर्मदेच्या दक्षिणेला असल्यामुळे दक्षिण तटावरचे टप्पे आपल्याला सोयीचे जातात, कारण घरी जाताना नदी आडवी येत नाही. उत्तर तटावरून परतताना मात्र बसने किंवा रेल्वेने पूल ओलांडणे अटळ आहे. यावर खंड परिक्रमावासींमध्ये रूढ असलेली तोड अशी की, संकल्प सोडताना तो त्या वर्षीच्या खंडापुरताच सोडायचा, शेवटच्या घाटावर पूजन करून तो खंड पूर्ण करायचा आणि मगच पलीकडे जायचे. पुढच्या वर्षी त्याच घाटावर नवा संकल्प होतो. कर्मठ मंडळींना हे पटेलच असे नाही. वाद न घालता आपल्या गुरुजींना एकदा विचारून घ्यावे आणि जे ठरेल ते शेवटपर्यंत पाळावे.

आरंभ ओंकारेश्वरहून करावा. खंडव्याहून दक्षिण तटावरच्या ममलेश्वरापर्यंत नदी न ओलांडता जाता येते. बेटावरच्या ओंकारेश्वराचे दर्शन संकल्पाआधी घेतले तर घेतले, नाहीतर सांगतेला. पहिला टप्पा बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत ठेवावा. हा सगळा निमाड आहे; जमीन बरीचशी सपाट, कापूस-गव्हाची शेते, पावलोपावली आश्रम, आणि अहिराणी बोलणाऱ्याला निमाडी कानाला परकी वाटत नाही. आठ-दहा दिवसांत तो होतो. काही कारणाने मध्येच सोडावा लागलाच, तर खलघाटच्या पुलाअलीकडे आग्रा रोडवर येऊन धुळ्याची बस धरावी.

दुसरा टप्पा शूलपाण झाडीचा, म्हणजे नर्मदाकाठच्या सातपुड्यातल्या जंगलाचा आहे, आणि तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातून जातो. बडवानीनंतर दोन वाटा फुटतात. एक डांबरी रस्त्याची: खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा अशी. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशाला केदारेश्वराच्या पायरीवर बसलेले परिक्रमावासी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, ते याच वाटेने आलेले असतात. दुसरी वाट सातपुड्यातून, धडगाव-मोलगीच्या बाजूच्या भिल्ल-पावरा पाड्यांमधून जाते. जुनी काठाकाठाची पायवाट सरदार सरोवरात बुडाली. मणिबेलीचे मूळ शूलपाणेश्वर मंदिरही पाण्याखाली गेले आणि नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे बांधले गेले. धरण पूर्ण भरले की पाणी १३८.६८ मीटरच्या पातळीला पोहोचते, आणि पावसाळ्यानंतर लगेच ते याच्या जवळपास असते. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात नाल्यांमधून पाणी आत खोलवर शिरलेले असते आणि मागच्या वर्षी कुणी सांगितलेली वाट या वर्षी असेलच, याची खात्री देता येत नाही. नकाशावर विसंबू नये. प्रत्येक पाड्यावर पुढच्या पाड्याचे नाव विचारावे, ऊन उतरण्याआधी आसन लावावे, आणि मोबाइलला रेंज नसणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. पूर्वी या झाडीत परिक्रमावासींना लुटले जात असे आणि लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणून हात जोडले जात. आज त्याच पाड्यांत मुक्कामाला जागा आणि मक्याची भाकर मिळते. ज्यांच्या घरी खाण्याचीच ओढाताण आहे, त्यांच्या घरी शिधा आपणहून द्यावा. या टप्प्यासाठी आठ दिवस वेगळे राखून ठेवावेत आणि तो मध्ये तोडू नये. तोडावाच लागला तर धडगावहून शहाद्याला किंवा मोलगीहून अक्कलकुव्याला एसटी आहे. शेवट गोरा किंवा राजपीपला येथे करावा, कारण तिथून डेडियापाडा-सागबारामार्गे नंदुरबार गाठता येते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने किंवा साठी ओलांडलेल्याने डांबरी रस्ता निवडला तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

राजपीपल्याहून पुढचा टप्पा अंकलेश्वरला थांबवावा, असे मी आग्रहाने सांगेन. बरेच जण हांसोटवरून विमलेश्वरला जाऊन, नावेने समुद्र ओलांडून, उत्तर तटावरच्या मिठी तलाईला उतरून, भरूचला टप्पा संपवतात आणि परतीचे आरक्षण चुकवतात. नाव भरतीवर सुटते. भरतीची वेळ तिथीप्रमाणे रोज पुढे सरकते, आणि नावेत जागा होईपर्यंत एखादा दिवस थांबावेही लागते. कधी मध्यरात्री उठवतात, कधी पहाटे. तीन-चार तासांच्या प्रवासानंतर पलीकडे उतरताना गुडघाभर चिखल असतो; तेव्हा बूट पिशवीत आणि धोतर किंवा पँट वर खोचलेली असावी. एवढी अनिश्चित गोष्ट टप्प्याच्या शेवटी ठेवू नये, सुरुवातीला ठेवावी. तेव्हा एक दिवस गेला तरी बिघडत नाही. कुप्पीतले, म्हणजे सोबत बाळगलेल्या नर्मदाजलाच्या बाटलीतले, थोडे जल सागरात अर्पण करून ती पुन्हा भरून घेण्याचा विधी याच वेळी होतो.

उत्तर तटाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथवर पोहोचलेल्याला टप्पे पाडण्याचा सराव झालेला असतो. भरूचहून चांदोदमार्गे गरुडेश्वर (टेंबे स्वामींनी १९१४ साली इथेच देह ठेवला, मराठी माणसाचे पाऊल इथे एक दिवस अडतेच), मग कवांट-कुक्षीवरून महेश्वर, मग नेमावर, मग बरमान घाट, मग जबलपूर अशी विश्रामस्थाने धरावीत. महेश्वरहून खलघाटला येऊन धुळे, नेमावरहून पूल ओलांडून हंडियामार्गे हरदा स्टेशन, जबलपूरहून थेट भुसावळ, अशा परतीच्या वाटा आहेत. जबलपूर ते अमरकंटक आणि तिथून दक्षिण तटाने खाली जबलपूरच्या समोरच्या काठापर्यंत हा भाग खान्देशातून सर्वांत अवघड पडतो, कारण डिंडोरीला रेल्वे नाही आणि अमरकंटकासाठी पेंड्रा रोड स्टेशनला उतरावे लागते. तिथे जाण्या-येण्यातच चार दिवस मोडतात. म्हणून या भागाचे दोन तुकडे न करता एखाद्या वर्षी जास्त रजा काढून तो सलग करावा. अमरकंटक हजार मीटरपेक्षा उंचावर आहे, पौषात तिथली थंडी आपल्या तोरणमाळच्या थंडीलाही मागे टाकते. त्यानंतर नरसिंहपूर, पिपरिया, नर्मदापुरम, हरदा अशी रेल्वे काठाच्या बेताने दक्षिणेकडून सोबत करते, आणि शेवटी इंदिरा सागराच्या विस्तीर्ण फुगवट्याला लांबचा वळसा घालून ओंकारेश्वर येते.

खंड परिक्रमेचा खरा आधार म्हणजे वही. ओंकारेश्वरला मिळणारे परिक्रमावासीचे प्रमाणपत्र आणि ठिकठिकाणच्या आश्रमांचे, ग्रामपंचायतींचे शिक्के एकाच जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवावेत. टप्पा संपतो त्या पानावर तारीख आणि तिथी, घाटाचे नाव, आश्रमाचे नाव, तिथून बस थांबा किती लांब आहे आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या गावाकडे निघायचे होते, हे सर्व लिहून ठेवावे. ‘गावाबाहेर पिंपळ, त्याच्या डाव्या हाताने शेताच्या बांधावरून वाट’ अशी ओळ वर्षभराने फार उपयोगी पडते. मोबाइलमध्ये त्या जागेची खूण करून ठेवावी, पण मोबाइल वर्षभरात बदलतो आणि वही बदलत नाही. कुप्पी देवघरात ठेवावी आणि निघताना आठवणीने सोबत घ्यावी.

चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी गेलेल्यांना, किंवा मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूर केलेल्यांना चालण्याची भीती नसते. पण तिथे सामान टेम्पोत असते आणि इथे ते पाठीवर असते. पाठीवरचे ओझे सहा-सात किलोंच्या वर जाऊ देऊ नये. दोन जोड कपडे, एक घोंगडी किंवा हलकी झोपण्याची पिशवी, आसनाला सतरंजी, कमंडलू, दंड, विजेरी, आधार कार्ड, रोजची औषधे. आश्रमात सकाळी बालभोग आणि दोन्ही वेळा भोजनप्रसादी मिळते. जिथे शिजवलेले अन्न नसते तिथे सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा मिळतो आणि तो स्वतः शिजवावा लागतो, म्हणून एक लहान पातेले सोबत असावे. घरून शेंगदाण्याची चटणी आणि गूळ न्यावा, बाकी खाण्याचे काही नेऊ नये. बूट निघण्यापूर्वी महिनाभर वापरलेले असावेत, आणि निघण्याआधीच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा भरलेली पिशवी घेऊन १५ किलोमीटर चालावे.

परिक्रमा चातुर्मासात चालत नाही. देवउठनी एकादशीनंतरच वाट खुली होते. कापसाच्या वेचण्या उरकून, हरभरा-गव्हाच्या काढणीपूर्वीचा पौष-माघ शेतकऱ्याला मोकळा सापडतो, आणि चालायलाही तोच काळ उत्तम असतो. फाल्गुनानंतर ऊन चालू देत नाही.

सोबत्यांशी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. इतक्या वर्षांत कुणाचे लग्नकार्य, कुणाचे आजारपण निघणारच. एकाला यायला जमले नाही म्हणून सर्वांनी थांबू नये, आणि ज्याचा टप्पा चुकला त्याने तो सोडून पुढच्यात सामील होऊ नये. त्याने मागून आपल्या क्रमाने यावे, मग शेवटी एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.

शेवटच्या टप्प्यासाठी दोन दिवस जादा ठेवावेत. ममलेश्वरापाशी चाल पुरी झाली की बेटावर जाऊन ओंकारेश्वराला कुप्पीतले जल चढवायचे असते, कन्यापूजन आणि कढाईचा प्रसाद करायचा असतो, आणि पहिल्या वर्षीचे सोबती घरच्यांना घेऊन येणार असल्यास धर्मशाळेच्या खोल्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. खंडवा-भुसावळ परतीचे आरक्षण त्यानंतरच्या तारखेचे काढावे.