भाड्याने द्यायचे घर: चांगला भाडेकरू हवा असेल तर आधी काय करावे

पुण्यात घर भाड्याने द्यायचे ठरले की बहुतेक मालक पहिला फोन रंगाऱ्याला करतात. माझ्या मते तो फोन सर्वांत शेवटी करावा. वेळेवर भाडे देणारा, घर जपून वापरणारा आणि तीन-चार वर्षे टिकणारा भाडेकरू बहुधा आधी दोन-तीन घरांत राहून आलेला असतो. त्याची नजर रंगावर फारशी रेंगाळत नाही. तो बाथरूमला लागून असलेली भिंत हाताने चाचपतो, सिंकखालचे कपाट उघडून पाहतो आणि पाणी किती वाजता येते ते विचारतो. म्हणून घराची तयारी पाण्यापासून सुरू करावी.

आमच्या कोथरूडच्या घरात ही चूक माझ्याच हातून झाली. बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर ओल होती, पण मे महिन्यात ती कोरडी दिसली म्हणून मी तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवून घेतला. जून महिन्यात एक कुटुंब राहायला आले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खिडकीखाली रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटू लागले आणि त्यांच्या लहान मुलाचा पलंग त्याच भिंतीला लागून होता. त्या माणसांनी आवाज चढवला नाही. दिवाळीनंतर त्यांनी रीतसर एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडले. इतके चांगले भाडेकरू आपल्या आळसामुळे गेले, याचे वाईट मला आजही वाटते.

ओल शोधायची ती पावसाळ्यातच. भिंतीवर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर तो लोणा असतो, म्हणजे पाणी गिलाव्यातून क्षार घेऊन बाहेर येत असते. बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला असतो. अशा जागा पेन्सिलीने आखून ठेवाव्यात आणि पाणी नेमके कोठून येते याचा छडा लावावा: बाहेरच्या गिलाव्याची भेग, खिडकीची चौकट आणि भिंत यांमधील फट, की वरच्या मजल्यावरचे बाथरूम. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, सोसायटीची जबाबदारी असते, त्यामुळे तसा लेखी अर्ज वेळीच द्यावा. मूळ गळती थांबल्यावरच आतला जुना रंग आणि पुट्टी खरवडून काढावी आणि भिंत एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उघडी सोडून वाळू द्यावी. ती वाळली का, हे पाहण्याची सोपी युक्ती अशी: हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. आतल्या बाजूला दव जमले असेल तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये.

बंद राहिलेल्या घराची आणखी एक खोड असते. दार उघडताच कुबट वास येतो आणि घर पाहायला आलेल्या माणसाचे मन तेथेच विटते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते: नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली वास अडवण्यासाठी साचून राहणारे, पाणी आटलेले असते आणि ड्रेनेजचा वास, त्याच्याबरोबर झुरळेही, वर येतात. घर रिकामे असेपर्यंत आठवड्याला एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे आणि फ्लश चालवावा. त्याच फेरीत सगळे नळ एकदम सोडून दाब पाहावा, गळणाऱ्या नळांचे वॉशर बदलावेत आणि सिंकखालच्या पाइपाला कोरडा कागद पुसून ओल लागते का ते तपासावे. ज्या भागांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते, तेथे नळांवर आणि गिझरच्या आतही क्षारांचा थर बसतो. गिझर उघडून साफ करून घ्यावा.

विजेच्या कामात काटकसर करू नये. जाणकार वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, गिझरला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा तीस मिलीअँपिअरचा ब्रेकर नसेल तर बसवावा. महावितरणचे मागचे बिल भरून टाकावे. खिडक्यांना डासांची जाळी नसेल तर ती आवर्जून लावावी, कारण पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूची भीती दरवर्षी असते आणि लहान मुले असलेले कुटुंब जाळी आहे का हे पाहिल्याशिवाय राहत नाही.

स्वयंपाकघरात नव्या फर्निचरपेक्षा जुन्याची साफसफाई अधिक उपयोगी पडते. धुण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने ट्रॉल्यांचा आणि एक्झॉस्ट पंख्याचा मेणचट थर निघतो. ट्रॉल्यांचे गंजलेले रूळ मात्र बदलावेत. माळ्यावर आपली जुनी भांडी आणि पुस्तकांची खोकी कुलूप लावून ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. भाडे पूर्ण घराचे घेतो, तर माळाही भाडेकरूलाच मोकळा मिळाला पाहिजे.

हे सगळे झाले की मगच रंग द्यावा, फिकट आणि शक्यतो पुसता येईल असा. घर दिवसा, खिडक्या उघडून दाखवावे. पाण्याच्या वेळा, उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर तो, पार्किंगची जागा आणि वनाझ ते रामवाडी मार्गावरचे जवळचे मेट्रो स्थानक किती मिनिटांच्या चालीवर आहे, हे स्वतः होऊन खरे सांगावे. अविवाहित नोकरदारांना किंवा विद्यार्थ्यांना केवळ त्या कारणाने नकार देऊ नये. माझ्या अनुभवात नोकरीसाठी आलेल्या दोन बहिणींनी घर जितके नीट ठेवले, तितके क्वचितच कोणी ठेवले असेल.

भाडे ठरवण्यापूर्वी दोन खर्च हिशेबात धरावेत. पुणे महापालिकेच्या मिळकत करात मिळणारी ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असलेल्या घरालाच आहे, आणि घर भाड्याने दिल्यावर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, आकारू शकते. कागदपत्रेही तयार ठेवावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी त्यातून सुटका नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालकाला उलट सिद्ध करता येईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणी आता ऑनलाइन, घरबसल्या अंगठ्याचा ठसा देऊन होते, त्यामुळे टाळण्यास कारण उरत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे कामही त्याच आठवड्यात उरकावे.

किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घरभर फिरावे, प्रत्येक भिंतीचे, नळाचे आणि ट्रॉलीचे फोटो काढावेत, मीटरचे रीडिंग टिपावे आणि पंखे, दिवे, गिझर यांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. अनामत रक्कम परत करताना होणारे बहुतेक वाद या एका कागदाने टळतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आत प्लंबर, वायरमन आणि सोसायटीच्या वॉचमनचे नंबर लिहिलेला कागद चिकटवून ठेवावा, आणि मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कोठे आहे ते भाडेकरूला स्वतः बंद-चालू करून दाखवावे.